हरलेली आधी वाच

लोकांना वाटतं, स्पोर्ट्सवाला पत्रकार आधी मॅच बघतो आणि मग लिहितो. कसलं काय! मी आधी लिहायचो आणि मग मॅच बघायचो. आणि एक बातमी नाही, दोन. एक जिंकलेली, एक हरलेली. दोन्ही मोबाईलमध्ये तयार, फक्त स्कोर भरायचा बाकी.

हे काही हुशारी म्हणून नव्हतं, पर्यायच नव्हता. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानाच्या वर आमच्या छोट्याशा पेपरचं ऑफिस होतं. पानं लावायला एक सिंधी अंकल. पान छपाईला जायची वेळ पक्की, त्यात देवसुद्धा आला तरी बदल नाही. आणि आमच्याकडची कबड्डीची फायनल म्हणजे काय विचारू नका. पत्रिकेत संध्याकाळची वेळ छापायची, पण नगरसेवक यायचेत म्हणून थांबायचं, आले की सत्कार, शाल, नारळ, मग अजून कोणीतरी टपकणार, परत शाल. दिवे लागून डोक्यावर किडे घोंगावायला लागले की पहिली चढाई. म्हणजे पान बंद व्हायच्या वेळेला मैदानात दुसरा हाफ चालू! तेवढ्यात अंकलचा फोन.

"साईं, तेरी रामायण बाद में. एक ही बात बता. जीता के हारा?"

मी बोलायचो, अंकल दोन मिनिटं. ते बोलायचे, दो मिनट में तो आदमी मर भी जाता है. मग शिट्टी वाजली की मी दोन्हीपैकी एक कॉपी पाठवायचो आणि दुसरी उडवायचो. माझा टायपिंगचा स्पीड तिथेच वाढला. अजूनही सगळे हसतात, एवढं काय बडवतोस कीबोर्ड.

आता ताई. माझी सख्खी मोठी बहीण, कबड्डीतली रेडर. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक मैदान आहे, मैदान म्हणजे नुसती माती आणि खडी, तिथे ती खेळायला शिकली. तिची बॅक किक म्हणजे काय चीज होती! पाठ फिरवून मध्यरेषेकडे निघाल्यासारखं दाखवायची, कोपऱ्यातली पोरगी निवांत व्हायची, आणि तेवढ्यात मागच्या मागे उजवा पाय. जांभूळ गावच्या मैदानावर एकदा एक म्हातारी उठून ओरडली होती, "अरे धरा रं तिला कोनीतरी!" कोणी धरली नाही.

त्याच जांभूळच्या स्पर्धेत आमचं ते सुरू झालं. मी स्कोररच्या टेबलाखाली मांडी घालून टाईप करत बसलेलो, मॅचला अजून वेळ होता. ताई पाणी प्यायला आली आणि वाकून बघायला लागली.

"काय लिहितोयस रे, अजून टॉस पण नाही झाला."

"तुमची हरलेली."

मला वाटलं आता कानफटात बसणार. ती बाजूला फतकल मारून बसली. "वाच."

मी वाचली. 'अंबरनाथच्या संघाने चुरशीच्या लढतीत एकाकी झुंज देत प्रेक्षकांची मने जिंकली.' ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. "मनं जिंकून काय करू? पिशवीत भरून घरी नेऊ? आणि एकाकी झुंज काय, आम्ही सात जणी आहोत ना?" मग उठली, गुडघे झटकले आणि बोलली, "डिलीट कर. माझ्यासमोर कर."

मी केली. ती गेली आणि जिंकून आली.

झालं! त्यानंतर प्रत्येक मॅचच्या आधी तेच. अंग गरम करायचं, पट्टी बांधायची आणि माझ्याकडे यायचं. "हरलेली वाच." मी वाचायचो, ती चुका काढायची, हा शब्द फालतू आहे, हे मागच्या वेळी पण लिहिलं होतंस, आणि मग डिलीट कर. प्रत्येक वेळी जिंकायची असं नाही हां. हरली की मला तीच कॉपी आठवून आठवून परत टाईप करायला लागायची आणि अंकल शिव्या घालायचे. पण एकदाही न ऐकता ती मैदानात उतरली नाही. आणि जिंकलेली कॉपी तिने आधी कधीच ऐकली नाही. ती सकाळी पेपरात वाचीन बोलायची.

मग माझं सगळं भराभर होत गेलं. पेपरातून मुंबईच्या एका वेबसाईटवर, तिथून सरकारी शिष्यवृत्ती लागली आणि मी इंग्लंडला, लीड्सला, पत्रकारितेतलं पुढचं शिकायला. निघताना अख्खी वस्ती रिक्षापर्यंत सोडायला आली होती. जयभीम, जयभीम, फोन कर, स्वेटर घाल. शिकून झाल्यावर तिथेच एका स्पोर्ट्स वेबसाईटला लागलो आणि पहिल्याच दिवशी मला एवढं भारी वाटलं, कारण फुटबॉलच्या मॅचआधी बाजूचा गोरा पोरगा काय करत होता? दोन कॉप्या! मी त्याला बोललो, अरे हे तर आमचं अंबरनाथचं. त्याला काय कळणार.

इकडे ताईचं मात्र भराभर काही होत नव्हतं. पप्पा गेल्यावर ती त्यांच्याच कंपनीत लागली, आनंदनगर एमआयडीसीत, पॅकिंगला, कंत्राटी. दिवसभर उभं राहून काम. त्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. डॉक्टर बोलले, आता खेळ बस. आई पण बोलली, बस. ताई रोज सकाळी शिफ्टच्या आधी विहाराच्या मागे जाऊन एकटीच मातीत पळायची. कारण एकच गोष्ट राहिली होती. एका सरकारी खात्याच्या कबड्डी संघाची निवड चाचणी होती. संघात आलं की कायमची नोकरी. आणि वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

मी हे सगळं लिहायला लागलो. पहिल्यांदा फक्त माझ्यासाठी. सकाळी ऑफिसच्या आधी बसायचो आणि बडव बडव बडवायचो, वस्ती, मैदान, पप्पा, आनंदनगरच्या वासाने भरलेली हवा, ताईची बॅक किक. इंग्रजीत लिहायचो, कारण तिथे वाचणार कोण होतं मराठी! ते एका प्रकाशनाच्या संपादक बाईंकडे पोचलं. बाई खूप चांगल्या आहेत, हे आधीच सांगतो. त्यांनी वाचलं, बोलावलं, कॉफी पाजली आणि बोलल्या, हे पुस्तक आम्ही काढू. आणि पुस्तक नीट झालं तर त्यांच्याच खेळांच्या पुस्तकांच्या विभागात माझ्यासाठी जागा होती. माझा व्हिसा त्या वर्षात संपत होता. पुस्तक झालं तर नोकरी, नोकरी झाली तर व्हिसा, नाहीतर बॅग भरा. ताईला पण फोनवर हे सगळं सांगितलं होतं. म्हणजे बघा! ताईचं शेवटचं वर्ष आणि माझं पण शेवटचंच.

फक्त शेवटचा चॅप्टर बाकी होता. निवड चाचणीचा. आणि चाचणी पुढे ढकलली, मग परत ढकलली.

बाईंचा मेल आला की आता थांबता येणार नाही. मी काय करणार? जी सवय होती तीच. बोललो, मी दोन शेवट लिहून ठेवतो, निकाल लागला की एक ठेवू, एक उडवू. त्यांना ही आयडिया फार आवडली. बोलल्या, मग हरलेला आधी पाठव, टीमला दाखवते.

मी लिहिला. मला लाज वाटेल इतक्या पटकन लिहून झाला. ताई चाचणीत बाहेर पडते, घरी येते, गुडघ्याची नी-कॅप घडी करून कपाटात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या लाईनला उभी राहते. बाईंचं उत्तर लगेच. सगळी टीम रडली म्हणे. हाच शेवट पाहिजे. आणि मग खाली हळूच एक ओळ, की ती यशस्वी झाली तर आम्हाला आनंदच होईल, पण पुस्तकाचा सगळा तोल बदलेल, तेव्हा परत बसून विचार करावा लागेल.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. आधी वाटलं ठीक आहे. मग जेवताना लक्षात आलं. म्हणजे ताई हरली तर माझं पुस्तक तयार, नोकरी तयार. ताई जिंकली तर... मी लॅपटॉप बंद केला. परत उघडला. जिंकलेला शेवट लिहायला घेतला. 'ताई' असं लिहिलं आणि पुढे काही येईना. मी! ज्याचे हात थांबत नाहीत! रोज फाईल उघडायची, 'ताई' लिहायचं, बंद करायची. ऑफिसात माझ्या कॉप्या चुकायला लागल्या, एकदा हरलेल्या टीमला जिंकवलं आणि तसंच साईटवर गेलं. बॉसने बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मी बोललो, हो हो, एकदम मस्त.

चाचणी शेवटी उल्हासनगरातच ठरली, एका हॉलमध्ये, मॅटवर. त्या दिवशी तिकडे दुपार होती आणि माझ्याकडे सकाळ. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाची किटली लावून उभा होतो, आणि ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती हॉलच्या बाहेर पायरीवर बसलेली, पाय लांब करून, गुडघ्याला टेप लावत होती. मागे पोरींचा आरडाओरडा.

मी बोललो, "थांब हां, काढतो." हरलेला शेवट मी उघडूनच ठेवला होता, बोलता बोलता मराठी करून वाचणार होतो.

"नको," ताई बोलली. टेपचं टोक दातांनी तोडलं. "आज जिंकलेली वाच."

"काय?"

"जिंकलेली रे. आहे ना?"

"आहे ना. म्हणजे काय. आहेच."

"मग वाच. लवकर, नंबर येईल माझा."

मी ती फाईल उघडली. 'ताई'. बस्स, एवढंच. किटली उकळून बंद झाली. मी मोबाईल समोर धरला आणि सुरू केलं.

"अंबरनाथ, प्रतिनिधी..."

"लीड्सहून पण प्रतिनिधीच का?"

"गप ना. अंबरनाथ, प्रतिनिधी. विहाराच्या मागच्या खडीत खेळून मोठ्या झालेल्या चढाईपटूने आज निवड चाचणी गाजवली. पहिल्याच चढाईत तिने दोन गडी टिपले."

"कुठले दोन?"

"डाव्या कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची."

"कशाने?"

"बॅक किकने."

"कुठल्या पायाने?"

ती टेप लावलेला पाय बघत होती, माझ्याकडे नाही.

"उजव्या," मी बोललो.

"हं." तिने पाय दुमडला, सरळ केला. "पुढे."

"दुसऱ्या चढाईत बोनस. तिसऱ्या चढाईत सगळ्यांनी मिळून तिला धरली होती, तरी तिने रेषेवर हात टेकवला. निवड समितीतले एक जण उभे राहिले."

"वाचतोयस ना तू?"

"हो मग."

"तुझे डोळे हलत नाहीयेत."

माझ्या मागून कोणीतरी येऊन दूध घेऊन गेलं. ताई स्क्रीनच्या एकदम जवळ आली, नाक मोठं दिसायला लागलं तिचं, आणि बोलली, "चालू ठेव."

मी चालू ठेवलं. काय काय बोललो देव जाणे. नेमणुकीचं पत्र आणलं, वस्तीत फटाके लावले, आईला नवीन साडी नेसवली, आनंदनगरच्या सुपरवायझरला रडवलं. ताई हसत होती. मग आतून तिचा नंबर पुकारला.

"शेवट राहिला," ती उठत बोलली.

"आल्यावर सांगतो."

"पक्का?"

"पक्का."

आणि मग ते तास. मी त्या तासांबद्दल लिहिणार नाहीये, मला जमणार नाही. एका मॅचची बातमी टाईप केली, काय टाईप केलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. दर थोड्या वेळाने मोबाईल उलटा करायचो, सरळ करायचो. आणि सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही की मी घाबरलोय ते कोणासाठी, हेच मला कळत नव्हतं.

मेसेज आला. एकच शब्द. 'स्टँडबाय.'

मी फोन लावला. ताई शांत होती, मागे रिक्षाचा आवाज. गुडघा टिकला होता. चांगली खेळली होती. बॅक किक लागली होती, उजव्याच पायाची. पण संघ भरला, आणि ताई त्याच्या बाहेरची पहिली. आत निवडलेल्यांपैकी कोणी मेडिकलमध्ये अडकली किंवा जॉईनच झाली नाही, तर हिला फोन येणार. तोही या वर्षात आला तर आला. पुढच्या वर्षी वयच बसत नाही.

"म्हणजे काय ताई? झालं की नाही झालं?"

"मला काय माहीत. तेच बोलले, फोन येईल."

अंकल आठवले मला. एक ही बात बता. काय सांगणार होतो मी अंकलना?

बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, म्हणजे निवड झाली नाही ना, मग शेवट तसाच चालेल, फक्त एक-दोन वाक्यं बदलून घेऊ. वाचायला बरोबरच वाटतं, नाही का? मला पण वाटलं. मी तर वाक्यं बदलायला बसलो सुद्धा. पण त्याच्या आधी ताईशी बोलावं म्हणून रविवारी फोन केला.

ती गॅलरीत बसली होती. आई आत भाकऱ्या थापत होती, त्याचा थप थप आवाज येत होता.

"बरं झालं केलास," ताई बोलली. "त्या दिवशी हरलेली राहिली. आज वाच."

मी वाचली. अख्खा चॅप्टर, इंग्रजीवरून बघून बघून मराठी करत. यावेळी माझे डोळे हलत होते. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. झुंज नव्हती, मनं जिंकणं नव्हतं, तिने शिकवल्याप्रमाणे सगळे फालतू शब्द काढलेले होते. नी-कॅपची घडी करून कपाटात ठेवली इथपर्यंत आलो आणि मला पुढे वाचवेना, तरी वाचलं.

"भारी लिहिलंयस रे," ताई बोलली. खरंच बोलली. "पेपरपेक्षा खूपच भारी." मग तिने मोबाईल फिरवला. दोरीवर नी-कॅप वाळत होती, चिमटा लावून. "पण ही बघ कुठेय."

"ताई..."

"डिलीट कर."

"ताई, ती आता माझ्याकडे नाहीये फक्त. त्यांच्याकडे गेलीय."

"मग परत मागव."

"पुस्तक थांबेल. म्हणजे नुसतं पुस्तक नाही ग, नोकरी पण त्याच्यावरच आहे, व्हिसा..."

"माहितीय मला."

आतला थप थप आवाज थांबला होता. आई ऐकत असणार. ताई खाली बघून बोलायला लागली, तिच्या नेहमीच्या आवाजात नाही. "मी हरले असते ना, तर तुला बोलले असते, छाप बाबा, बिनधास्त छाप, तुझं तरी होऊ दे. आईशप्पथ बोलले असते. पण मी अजून हरले नाहीये ना रे."

आईने आतून हाक मारली, "काय झालं ग?"

"काही नाही. पत्रकाराचं डोकं फिरलंय."

मी लॅपटॉप मोबाईलसमोर धरला, तिला दिसेल असा. माझं बोट पुढे जात नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचा राग आला होता. एवढी वर्षं, एवढं टायपिंग, एकच तर चॅप्टर नीट जमलेला. ती वाट बघत बसली, जशी जांभूळला टेबलाच्या बाजूला बसली होती तशी. मी डिलीट केला. मग बाईंना तिच्यासमोरच मेल लिहिला, की शेवटचा चॅप्टर मी परत घेतोय, कारण ते झालेलं नाहीये. ताईने शब्दांचे अर्थ विचारून विचारून वाचला. पाठवला.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी समजू शकते, टीमशी बोलून कळवते. त्यानंतर काही आलेलं नाही. मी रोज बघतो. व्हिसाची तारीख जवळ येतेय, घरमालकाला काय सांगायचं माहीत नाही, ऑफिसात सगळे विचारतात पुस्तक कधी येतंय. मी बोलतो, येईल येईल.

ताई रोज शिफ्टच्या आधी मैदानात जातेच. स्टँडबायला कधीही बोलावतात, तयार पाहिजे. आता आई पण जाते तिच्याबरोबर. ताई पळते आणि आई विहाराच्या भिंतीजवळ उभी राहून ताईचा मोबाईल सांभाळते. आवाज फुल, उचलला की स्पीकरवर. सरावाला येणाऱ्या बाकीच्या पोरींना पण माहितीय. वाजला की सगळ्या जागच्या जागी थांबतात.

आधी मला हे माहीत नव्हतं आणि एकदा मी सहज ताईला फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे एकदम शांतता, कोणाच्या तरी पायाखाली खडी वाजली तेवढीच. मग ताईचा धापा टाकलेला आवाज आला, "कोण ए? कोण ए आई?"

"तो आहे," आई बोलली. "आपलाच."

"अच्छा," ताई बोलली. आणि परत पळायला लागल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी फोन करत नाही. त्यांचा येईपर्यंत थांबतो.